शास्त्र हळू वाचताना कुठं चुकतं : तयारी, क्रम आणि खबरदारी

दर गुरुवारी संध्याकाळी सांगलीत आमच्या घरी सहा-सात जण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला बसतो. नवीन आलेलं माणूस पहिल्याच दिवशी बहुधा एक वाक्य बोलतं : "मी रोज तीन अध्याय वाचते, पण उठले की काय वाचलं ते आठवत नाही." नाहीतर मग, "हळू वाचून बघितलं, झोप आली." दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. क्रम चुकलेला असतो. उतारा नीट वाचून व्हायच्या आधीच 'यातून मला काय संदेश?' हा प्रश्न पुढं येऊन बसतो.

माझी नोकरी मिरजेत परिचारिका म्हणून झाली. वॉर्डात पहिल्या आठवड्यात शिकवलं ते आजही विसरले नाही : आधी नोंद, मग निदान. पेशंटला काय झालंय हे मनाशी ठरवून तक्ता भरायला घेतला, की नाडीसुद्धा आपल्याला हवी तशी मोजली जाते. शास्त्रापुढं बसतानाही मला हाच नियम लागू पडलेला दिसतो. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा तयारीला आणि पहिल्या वाचनाला दिली आहे. तिथं घाई केली तर पुढचं मनन, प्रार्थना, मौन सगळं पोकळ जातं.

चार पायऱ्यांची ही वाट जुनीच आहे : वाचन, मनन, प्रार्थना, मौन. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या मठवासी संन्याशानं ती जेवणाच्या भाषेत सांगितली आहे. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थना त्याचा रस काढते आणि शेवटची पायरी म्हणजे ती गोडीच. आपल्याकडच्या माणसाला हे उसावरून लगेच कळतं. कांडं तोंडात धरून गोडी लागत नाही, दात लावावे लागतात.

हा अभ्यास नव्हे, हेही आधीच सांगते. वर्षात बायबल पूर्ण करायचा तक्ता ज्यांनी घेतलाय त्यांनी तो जरूर चालू ठेवावा, पण त्यासाठी वेगळी वेळ काढावी. दोन्ही एकाच बैठकीत उरकायला गेलात तर तक्ताच जिंकतो.

टप्पा १ : वेळ, जागा आणि हाताशी लागणाऱ्या वस्तू

अर्धा तास लागतो. पंधरा मिनिटांत होत नाही आणि सुरुवातीला तासभर बसवत नाही.

पहाटेचीच वेळ हवी असा बऱ्याच जणांचा समज असतो. ज्या घरात पहाटे नळाला पाणी येतं, डबे भरायचे असतात, त्या घरातल्या बाईला पहाट सांगणं म्हणजे तिला हे कधीच करू नको म्हणण्यासारखं आहे. खरोखर मोकळी अशी कोणती वेळ आहे ते बघा. आमच्यातल्या एक ताई दुपारी तीनला बसतात. घर तेव्हा झोपलेलं असतं. एक दादा कामावरून सुटल्यावर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारातल्या बाकावर बसून मगच घरी जातात. वेळ रोज तीच ठेवा, म्हणजे 'आज बसू का नको' हा वाद रोज घालावा लागत नाही.

वस्तू थोड्याच, पण आदल्या रात्री एका जागी ठेवा : छापील पवित्र शास्त्र, पेन्सिल, साधी वही, चष्मा. चष्मा मुद्दाम लिहिला. तो शोधायला उठलेलं माणूस वाटेत भांडी घासून येतं.

मोबाईल दुसऱ्या खोलीत. मोबाईलवरचं बायबल प्रवासात फार उपयोगी आहे, मी मिरज-पुणे गाडीत तेच वाचते. पण या वाचनाला ते नको. पडद्यावर बोट आपोआप वर सरकतं आणि डोळे बोटाच्या मागं जातात. वेळ कळायला गजराचं घड्याळ लावा आणि ते पाठीमागं ठेवा. समोर घड्याळ असलं की मौनाची पाच मिनिटं काटा बघण्यात संपतात.

जपून : गॅसवर दूध किंवा डाळ ठेवून बसू नका. अर्धं मन शिट्ट्या मोजत राहतं.

टप्पा २ : उतारा ठरवणं, तोही आदल्या दिवशी

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथं जरा थांबते.

किती वाचायचं? सहा ते बारा वचनं, म्हणजे अध्यायातली आकडे घातलेली छोटी वाक्यं. गोष्ट असेल तर ती पुरी घ्या, स्तोत्र छोटं असेल तर सगळं. एकच वचन पहिल्या दिवशी घेऊ नका. एका वचनाला आपण आपल्याला हवं तसं बोलायला लावू शकतो, दहा वचनं मिळून आपल्याला तसं करू देत नाहीत.

कुठून? बायबलमधलं एक पुस्तक घ्या आणि क्रमानं पुढं जा. सुरुवातीला मार्क, म्हणजे मार्कनं लिहिलेलं येशूचं चरित्र, बरा पडतो. प्रसंग आटोपशीर आहेत, माणसं चालताना-बोलताना दिसतात. मधूनमधून स्तोत्रं घ्या. प्रकटीकरण, लेवीय आणि वंशावळ्या पुढच्या वर्षासाठी ठेवा.

डोळे मिटून पुस्तक उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचं, ही सवय मोडा. तीच गोष्ट वचनाच्या चिठ्ठीची. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर वचन काढायची रीत पुष्कळ मंडळ्यांत आहे. मीही काढते आणि ते कार्ड वर्षभर आरशाला लावते. पण कार्डावर वचनाच्या मागचं-पुढचं छापलेलं नसतं. यिर्मया २९:११ (यिर्मयाच्या पुस्तकाचा २९ वा अध्याय, ११ वं वचन) हे वचन किती घरांत लावलेलं दिसतं! भवितव्याची आणि आशेची हमी देणारं ते वचन आहे. त्याच्या आधीचं दहावं वचन काढून बघा : बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर, असं तिथं स्पष्ट म्हटलंय. हे वचन एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र यरुशलेमहून बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि त्याच अध्यायात पाचव्या वचनात त्यांना परक्या देशात घरं बांधून राहायला, बागा लावायला सांगितलंय. ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण सत्तर वर्षांनंतरचा दिवस बघायला उरणारच नव्हते. हे कळल्यावर वचनातली आशा कमी होत नाही, पण 'या वर्षी माझं काम होणार' एवढ्यात ती मावतही नाही.

म्हणून ठरवलेल्या उताऱ्याच्या आधीचं अर्धं पान नजरेखालून घाला. मार्क १०:४६-५२ घ्या, बार्तीमयाची गोष्ट. येशू त्या आंधळ्या भिकाऱ्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आता त्याच अध्यायात मागं जा. ३६ व्या वचनात त्यानं याकोब आणि योहान या शिष्यांनाही हाच प्रश्न विचारलेला आहे. त्यांनी उजवी-डावीकडची मानाची आसनं मागितली, बार्तीमयानं दृष्टी मागितली. सातच वचनं वाचणाऱ्याला ही जोडी कधी दिसायची नाही.

आणखी एक. उताऱ्यांवर ठळक अक्षरांत जे मथळे असतात ते मूळ शास्त्राचा भाग नाहीत, छापणाऱ्यांनी सोयीसाठी दिलेले आहेत. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, वचनांचे आजचे आकडे सोळाव्या शतकातले. पत्ता सांगायला ते हवेतच, पण अध्याय संपला म्हणून बोलणं संपलं असं धरू नका. मथळ्यावर तर मी पोस्टकार्डाचा तुकडा ठेवते. बापाची मालमत्ता उधळून परत आलेल्या धाकट्या मुलाची येशूनं सांगितलेली गोष्ट घ्या. 'उधळ्या पुत्राचा दाखला' असं डोक्यावर वाचून मग दाखला वाचला की त्याच्या स्वागतावर रागावलेला थोरला भाऊ आपोआप कोपऱ्यात जातो. त्याच्याकडं आपण पुढं येणारच आहोत.

तपासा : झोपण्याआधी उतारा एकदा वाचलाय का? खूण घातलीय का? सकाळी उतारा शोधायला लागणारी पाच मिनिटं अर्धा तास खाऊन टाकतात.

टप्पा ३ : बसणं

पाठ ताठ, पाय टेकलेले. खुर्चीवर बसा, पाटावर बसा, गुडघे साथ देत असतील तर गुडघ्यावर. पलंगावर लोडाला टेकून बसू नका, झोपेची तक्रार निम्मी तिथंच मिटते.

दोन मिनिटं काही वाचू नका. श्वास खाली बसू द्या. मग एका वाक्यात मागा, उदाहरणार्थ, "प्रभू बोल, तुझा दास ऐकत आहे," असं लहानग्या शमुवेलाला सांगायला शिकवलं होतं तसं. लांब प्रार्थना आत्ता नको. तिची जागा पुढं आहे.

टप्पा ४ : पहिलं वाचन, मोठ्यानं

ओठ हलले पाहिजेत आणि स्वतःच्या कानाला ऐकू आलं पाहिजे. मनात वाचताना ओळखीची वाक्यं डोळा गिळून टाकतो. जीभ गिळू शकत नाही, तिला प्रत्येक शब्द उच्चारावाच लागतो.

आवाज मात्र घरातला ठेवा. मंडळीत शास्त्रपाठ वाचताना आपला एक आवाज लागतो, जरा वरच्या पट्टीतला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. त्या आवाजात सगळी माणसं सारखीच बोलतात, बार्तीमयाची आरोळी आणि त्याला गप्प बसवणाऱ्यांचं दटावणं एकाच सुरात येतं. बहिणीला चिठ्ठी वाचून दाखवावी तसं वाचा. स्वल्पविरामाला थांबा, पूर्णविरामाला श्वास घ्या.

आता नोंद. कोण आहे, कुठं आहे, कोण कुणाशी बोलतंय, काय घडलं, कोणता शब्द दोनदा आलाय. 'का' आणि 'मला काय' हे प्रश्न अजून काढायचे नाहीत.

स्तोत्र २३ वर आमच्या घरी काय झालं ते सांगते, म्हणजे नोंद म्हणजे काय ते कळेल. जमलेले सगळे लहानपणी चर्चमधल्या शब्बाथ शाळेपासून ते पाठ म्हणणारे. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" असं कुणी सुरू केलं की बाकीच्यांचे ओठ आपोआप हलतात. मी सांगितलं, पाठ म्हणायचं नाही, पुस्तकात बघून वाचायचं, आणि प्रत्येक वाक्यात देवाला कोणत्या सर्वनामानं हाक मारलीय ते पेन्सिलीनं खुणावायचं. तो मला बसवतो. तो मला नेतो. तो माझा जीव ताजातवाना करतो. तीन वचनं सगळीकडं 'तो'. मग चौथं, मृत्युच्छायेच्या दरीचं. "कारण तू माझ्याबरोबर आहेस."

खोलीत कुणीच बोललं नाही. निवृत्त शिक्षक असलेले एक काका, सत्तरी ओलांडलेले, पेन्सिल तशीच धरून म्हणाले, "आयुष्यभर म्हणतोय. दरीत शिरल्यावर 'तो'चा 'तू' झाला, हे आज दिसलं."

यात कुणाला ग्रीक-हिब्रू यायची गरज पडली नाही. सर्वनाम मोजलं, एवढंच.

त्याच संध्याकाळी आटपाडीकडच्या एक वहिनी "तुझी आकडी व तुझी काठी" या शब्दांवर थांबल्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडच्या धनगरांच्या लांब काठीला आकडी असते, बाभळीची फांदी खाली ओढून शेरडांना पाला द्यायला. सगळ्यांना ते चित्र आवडलं आणि बोलणं चाऱ्यावर गेलं. मग पुन्हा वचन वाचलं. आकडी आणि काठी तिथं धीर देतात, अंधाऱ्या दरीत. चारा मागं कुरणातच होऊन गेलाय. आपल्या माणदेशातलं, जतकडचं चित्र मनात येणारच, येऊ द्यावं, त्यानं शब्दाला हात-पाय फुटतात. पण आलेलं चित्र परत उताऱ्याला लावून बघायचं. बसत नसेल तिथं उताऱ्याचं ऐकायचं.

तपासा : पुस्तक मिटा आणि उतारा आपल्या शब्दांत सांगा. जे सांगायचं राहिलं ते बहुतेक वाचलंच गेलेलं नसतं. पुन्हा उघडून तेवढंच वाचा.

टप्पा ५ : दुसरं वाचन, शब्दापाशी थांबणं

तोच उतारा, आता आणखी सावकाश. वाचता वाचता एखादा शब्द, अर्धं वाक्य पायात काट्यासारखं अडकेल. तिथं थांबा. पेन्सिलीनं हलकी रेघ मारा.

सगळ्यात सुंदर वचन शोधत फिरू नका. आवडलेला शब्द आणि अडकलेला शब्द यांत फरक असतो. आवडलेल्या शब्दाला आपण मान डोलावतो आणि पुढं जातो. अडकलेल्या शब्दापाशी पुढं जाववत नाही, पुष्कळदा तो टोचतो, कधी रागही आणतो. मला स्वतःला शांतीच्या वचनांनी क्वचितच अडवलंय.

शब्दाचा अर्थच कळत नसेल तर दुसरं मराठी भाषांतर उघडून तेवढी ओळ बघा आणि लगेच मिटा. टीकाग्रंथ (वचनांचा अर्थ उलगडणारी पुस्तकं), यूट्यूबवरचं प्रवचन, चर्चच्या पाळकसाहेबांना फोन हे सगळं उद्या. काहीच अडकलं नाही तर? पहिल्या वाक्यापाशीच बसा. ओढूनताणून अडकवू नका.

टप्पा ६ : मनन

म्हैस चरते तेव्हा भरभर चरते. मग सावलीत बसते, डोळे अर्धे मिटते आणि तोच घास पुन्हा तोंडात आणून चावत राहते. रवंथ करणाऱ्या जनावराला कुणी आळशी म्हणत नाही. मननाला दहा मिनिटं द्यायची ती अशी. अडकलेला शब्द हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणा. दहादा, वीसदा. मध्ये थांबा. त्याला आपल्या घरात, कामात, आठवणीत फिरू द्या. तो कुठं जाऊन उभा राहतो ते बघा.

'मला काय' हा प्रश्न इथं येतो, आणि इथं यायलाच हवा. पण दोन चुका टपून असतात.

पहिली, प्रवचन तयार करणं. मंडळीत बोलायची सवय असलेल्यांना ही फार जडलेली असते. तीन मुद्दे सुचतात, दाखले सुचतात, 'पुढच्या रविवारी हे सांगू' असं वाटतं. ते वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत टिपा आणि शब्दाकडं परत या.

दुसरी चूक जास्त खोल : वचन दुसऱ्याला लावणं. 'हे आमच्या सूनबाईंनी ऐकायला हवं होतं.' ही चूक मी वर्षानुवर्षं केली. लूक १५ मधल्या उधळ्या मुलाचा दाखला वाचताना मला नेहमी माझा धाकटा भाऊ दिसायचा. घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद झालं होतं आणि परत यायचं असेल तर त्यानं यावं, असं मला त्या दाखल्यातून पक्कं पटलेलं. एका उपवासकाळात मी तो दाखला मथळा झाकून, आवाज काढून वाचला. थोरला मुलगा अंगणात उभा राहून बापाशी भांडतो. तिसाव्या वचनात तो म्हणतो, 'हा तुमचा मुलगा'. भाऊ हा शब्द त्याच्या जिभेवर येत नाही. आणि बत्तिसाव्या वचनात बाप तेच वाक्य दुरुस्त करून त्याच्या हातात परत देतो, 'हा तुझा भाऊ'. मी आईशी बोलताना त्याला 'तुझा मुलगा' म्हणायचे. चार वर्षं. त्या दिवशी पुढं काही वाचलं नाही.

तपासा : मननाच्या शेवटी मनात कुणाचं नाव आहे? ते तुमचं नसून दुसऱ्याचं असेल, तर अडकलेला शब्द पुन्हा एकदा म्हणा.

टप्पा ७ : प्रार्थना

आता बोला. इतका वेळ वचन बोललं, आता उत्तर आपलं. स्तोत्र २३ मध्ये 'तो' म्हणणारा माणूस 'तू' म्हणायला लागतो, ती ही जागा.

इथं नेहमीची यादी आत शिरते. मुलाची नोकरी, शेजारणीचं ऑपरेशन, मिशनचं काम. त्या विनंत्या महत्त्वाच्या आहेत, त्यांच्यासाठी रात्रीची कौटुंबिक प्रार्थना ठेवा. आत्ता जे वाचलं त्यालाच उत्तर द्या, शक्यतो त्याच शब्दांत. बार्तीमय वाचलं असेल तर प्रश्न तुमच्यापुढं उभा आहे : काय करावं अशी तुझी इच्छा आहे? उत्तर द्यायला वेळ घ्या. मला पहिल्यांदा तर उत्तरच सुचलं नाही, आणि तेच मी देवाला सांगितलं.

पाठ झालेल्या विशेषणांची माळ इथं काढून ठेवा. 'हे परमदयाळू, परमकृपाळू' असं सुरू झालं की जीभ पुढं पळते आणि मन मागं राहतं. साधं मराठी बोला, आईशी बोलता ते.

राग असेल तर रागही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या घराघरांत शिरलं. ते उतरल्यावर आम्ही काही जण स्तोत्र ६९ वाचायला बसलो. देवा, मला तार, पाणी गळ्याशी आलंय, असं ते सुरू होतं. दुसऱ्याच वचनात चिखल आहे, पाय ठरत नाही असा खोल चिखल. महापूर बघितलेल्या माणसाला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. पाणी जातं, चिखल राहतो. कपाटात, गादीत, लग्नाच्या अल्बममध्ये. पण पुढं २२ व्या वचनापासून स्तोत्रकर्ता शत्रूंना शाप देऊ लागतो, आणि तिथं काही जण वाचायचे थांबले. हे म्हणायचं का? माझं मत असं : वाचायचं, मोठ्यानं वाचायचं. तो माणूस शाप घेऊन शत्रूच्या दारात गेलेला नाही, देवापुढं गेलाय. आपल्याही आतलं तसलं काही निघालं तर ते तिथंच ठेवावं, तिथून उचलून शेजाऱ्याच्या अंगणात नेऊ नये. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड येत नाही. तेही स्तोत्रसंहितेत आहे. तुमची प्रार्थना त्या दिवशी उजेडापर्यंत पोचली नाही तर ती अपुरी राहिली असं समजू नका.

स्वतःपुरतंच मागून झालं असं वाटलं, तर शेवटी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा. "आमची रोजची भाकर" म्हणताना पहिल्या शब्दावर थांबा. त्या अख्ख्या प्रार्थनेत 'माझी' कुठं येत नाही.

टप्पा ८ : मौन

पाच मिनिटं. मागणं नाही, वाचणं नाही, विचार करणंही नाही. मन रिकामं करायचं नसतं, ते होतही नाही. देवापुढं बसून राहायचं. मन बाजारात गेलं की अडकलेला शब्द एकदा म्हणायचा आणि परत यायचं. वीसदा जाईल, वीसदा परत या.

काही वाटलं पाहिजे असा धाक घेऊ नका. डोळे भरून येतात असे दिवस थोडे. बहुतेक दिवस खुर्ची, पंखा, बाहेर उसाची ट्रॉली जाते तिचा आवाज, आणि गजर.

जपून : हे मी नोकरीतल्या अनुभवावरून कळकळीनं सांगते. मौनात एखादं वाक्य ठळकपणे मनात आलं म्हणून 'देवानं मला सांगितलं' असं लगेच कुणापुढं बोलू नका. आणि एका बैठकीतल्या एका वचनावर लग्न, जमीन, नोकरी असला निर्णय घेऊ नका. साखरेच्या, रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या तर वचन मिळालं म्हणून कधीही बंद करू नका. तशी बंद केलेली माणसं मी वॉर्डात आलेली बघितली आहेत. मनात आलेलं वहीत लिहा, महिनाभर ठेवा, पाळक आणि एखाद्या जाणत्या माणसाशी बोला. गोळ्यांबद्दल डॉक्टरांशीच.

वाचताना जुनं दुःख इतकं वर आलं की दोन-तीन दिवस झोप, जेवण बिघडलं, तर एकट्यानं पुढं रेटू नका. ते पुस्तक तिथंच राहतं. आधी माणसांपाशी जा.

टप्पा ९ : उठताना

वहीत तारीख, उताऱ्याचा पत्ता आणि अडकलेला शब्द. एवढंच, एक ओळ. पानभर लिहायला लागलात की वही सुंदर होते आणि वाचन वहीसाठी व्हायला लागतं.

तो शब्द दिवसभर बरोबर न्या. भाकरी थापताना, बसस्टॉपवर म्हणा. संध्याकाळपर्यंत करता येईल असं एखादं बारकं काम निघालं असेल तर करून टाका. माझ्या त्या दाखल्यानंतर मी भावाला फोन केला नाही, तेवढं धैर्य नव्हतं. आईशी बोलताना त्याचं नाव घेतलं, एवढंच केलं. फोन चार महिन्यांनी झाला.

स्टेटसला वचन लगेच टाकू नका. सांगून झालं की ते आतून निघून जातं.

टप्पा १० : चार जणांत करायचं असेल तर

वरचं महिनाभर एकट्यानं केल्यावर मगच. चार ते सात माणसं, एक उतारा, तीन वाचनं, प्रत्येक वेळी वेगळा आवाज. निदान एकदा तरी जाड भिंगाच्या चष्म्यातून अडखळत वाचणाऱ्या आजींना वाचू द्या. त्या अडखळतात तिथं सगळे थांबतात. वाचता न येणाऱ्यांची अडचण काहीच नाही, त्यांची ऐकायची सवय आपल्यापेक्षा चांगली असते.

पहिल्या वाचनानंतर गप्प. दुसऱ्यानंतर प्रत्येकानं आपला शब्द सांगायचा, शब्दच, कारण नको. तिसऱ्यानंतर एखादं वाक्य, 'मी'नं सुरू होणारं. ज्याला बोलायचं नाही त्यानं 'पुढं' म्हणायचं आणि कुणी त्याच्याकडं बघायचं नाही.

गट मोडतो तो समजावून सांगणाऱ्या माणसामुळं. एखादी बाई म्हणते, मला 'ओझं' हा शब्द लागला, आणि लगेच कुणीतरी तिला ओझ्यावरची चार वचनं देतं. ती पुढच्या गुरुवारी येत नाही. आमच्याकडं नियम केलाय : दुसऱ्याच्या शब्दावर बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, चहाच्या वेळीही नाही. पाळकसाहेब आले तर तेही आमच्यासारखा एक शब्द सांगतात. पहिल्यांदा त्यांना ते जड गेलं, आता तेच नियमाची आठवण करून देतात.

घरात जे ऐकलं ते घरात राहतं, हे प्रत्येक वेळी सुरुवातीला मोठ्यानं सांगा. गाव लहान आहे.

खंड पडला तर

पडतोच. लगीनसराईत, सुगीत, घरात आजारपण असताना. राहिलेले दिवस भरून काढायला एका दिवशी तीन उतारे वाचू नका. जिथं थांबला होतात तिथली पेन्सिलीची रेघ शोधा, त्या उताऱ्याचं पहिलं वाचन पुन्हा मोठ्यानं करा आणि तिथून पुढं.

अजून सुरूच केलं नसेल तर पहिल्या आठवड्याला मार्क १०:४६-५२ हा एकच उतारा सातही दिवस घ्या. तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. पाचव्या दिवशी बार्तीमयानं उठताना काय टाकून दिलं ते नीट बघा, पन्नासाव्या वचनात आहे.